भौतिकशास्त्रज्ञाने थरारकादंबरी कशी लिहावी

शोधनिबंध लिहिण्याची सवय असलेल्या भौतिकशास्त्रज्ञाला थरारकादंबरी लिहिताना पहिली अडचण येते ती क्रमाची. निबंधात निष्कर्ष सारांशातच सांगून टाकायचा असतो. कादंबरीत तो शेवटपर्यंत राखून ठेवायचा असतो आणि तरीही त्याच्याकडे नेणारा प्रत्येक पुरावा वाचकाच्या नजरेखालून आधीच गेलेला असावा लागतो.

त्यामुळे कथानकाची जुळणी खुनापासून न करता, ज्याच्याशी कोणालाच तडजोड करता येणार नाही अशा एखाद्या नियमापासून करावी. किरणोत्सारी क्षय, म्हणजे पदार्थाचा किरणोत्सार ठरावीक गतीने घटत जाणे, यासाठी फार सोयीचा आहे. पेट स्कॅन या शरीरांतर्गत चित्रे घेणाऱ्या तपासणीपूर्वी रुग्णाला टोचल्या जाणाऱ्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ, सुमारे ११० मिनिटे असते. समजा, संशयिताच्या म्हणण्यानुसार त्याला सकाळी ८ वाजता इंजेक्शन दिले गेले आणि दुपारी दीड वाजता तपासनाक्यावरचा किरणोत्सार शोधक वाजला. मधल्या साडेपाच तासांत तीन अर्धायुष्ये उलटलेली असल्याने मूळ किरणोत्साराचा फार तर आठवा भाग उरायला हवा. काही भाग लघवीवाटे निघून जात असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. मोजणीत मात्र जवळपास निम्मा आढळला, तर वेळेबद्दलचे त्याचे विधान खोटे ठरते आणि त्यासाठी साक्षीदाराची गरज उरत नाही.

हे गणित कागदावर पूर्ण करावे, पण कादंबरीत त्यातली एकच ओळ ठेवावी. अर्धायुष्याचा उल्लेख आधीच्या एखाद्या प्रकरणात, रुग्णालयातल्या कंटाळवाण्या संभाषणात, सहज होऊन गेलेला असावा. समीकरणे समजावून सांगण्यासाठी दोन शास्त्रज्ञांना एकमेकांशी बोलायला लावणे ही सर्वांत वाईट युक्ती होय, कारण दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट कोणी एकमेकांना सांगत बसत नाही.

निवडलेला नियम नायकालाही लागू असला पाहिजे. स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, गोळी आवाजाच्या आधी पोहोचते हे एकदा मान्य केले, की बंदुकीचा बार ऐकून नायकाला खाली वाकता येणार नाही. त्याला दुसऱ्या कशावरून तरी सावध करावे लागेल, आणि बहुधा तो प्रसंग त्यामुळे अधिक चांगला उतरतो. अवकाशातल्या स्फोटाला आवाज देण्याचा मोहही टाळावा. घातक उपकरणे बनवण्याची कृती मात्र जाणूनबुजून अपुरी ठेवावी. तिच्या अचूकतेने कथेत काहीच भर पडत नाही.

हस्तलिखित तयार झाल्यावर आकडे तपासायला एखादा सहकारी पुरतो. त्याहून महत्त्वाचा वाचक म्हणजे विज्ञानाशी संबंध नसलेला. त्याने कोणती पाने भराभर उलटली, एवढेच त्याला विचारावे आणि ती पाने निम्म्यावर आणावीत.