गुब्बिओचा उंब्रियन आणि रोमन काळ कोणत्या क्रमाने पाहावा

इटलीतील गुब्बिओ हे गाव इंजिनो डोंगराच्या उतारावर वसले आहे. पायथ्याचे रोमन नाट्यगृह आधी नजरेस पडत असले, तरी सुरुवात तेथून करू नये. आधी चढ चढून चौदाव्या शतकातील पलात्सो देई कोन्सोली हा प्रासाद गाठावा, कारण तेथील संग्रहालयात काशाचे सात कोरीव पट ठेवलेले आहेत आणि ते पाहिल्यावाचून खालच्या दगडांचा नीट उलगडा होत नाही.

हे पट १४५६ मध्ये नगराने विकत घेतले. त्यांवर उंब्रियन, म्हणजे रोमपूर्व काळातील येथील लोकांच्या, भाषेत अटिएडियन नावाच्या पुरोहितमंडळाचे विधी लिहिलेले आहेत. सातही पट सारखाच वेळ न्याहाळण्याची गरज नाही. पहिला आणि सहावा यांवरच लक्ष द्यावे. पहिल्यावरील अक्षरे एट्रुस्कन या शेजारच्या प्राचीन लोकांच्या लिपीच्या वळणाची असून ती उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. सहाव्यावर तोच नगरशुद्धीचा विधी अधिक विस्ताराने, परंतु लॅटिन लिपीत, डावीकडून उजवीकडे येतो. भाषा तीच राहिली आणि लिपी मात्र रोमची झाली, हा बदल येथे डोळ्यांनी पडताळता येतो, आणि माझ्या मते गुब्बिओतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

मजकुराचा अनुवाद सोबत ठेवावा. शकुनासाठी पक्षी पाहून झाले की ट्रेबुलान वेशीच्या पुढे ज्युपिटर ग्राबोवियस या देवाला तीन बैल आणि वेशीच्या मागे ट्रेबस जोवियस या देवाला तीन गाभण डुकरिणी द्याव्यात, इतक्या बारकाईने त्यात सूचना आहेत. परक्यांना हाकलण्याच्या भागात एट्रुस्कनांबरोबर शेजारच्या टाडिनमच्या लोकांचेही नाव घेतलेले आहे. शेजाऱ्यांशी वैर बहुधा जुनेच असावे.

इ. स. पू. ९० च्या सुमारास, इटलीतील मित्रराष्ट्रांशी झालेल्या युद्धादरम्यान, रोमने आपले नागरिकत्व खुले केले आणि इगुवियम, म्हणजे आजचे गुब्बिओ, रोमन नगरपालिका बनले. एवढे ध्यानात ठेवून मग नाट्यगृहाकडे उतरावे. ते त्याच शतकाच्या अखेरीचे आहे. ग्नेयस साट्रियस रुफस या नगराधिकाऱ्याने स्वखर्चाने तेथील दालनांना छत घातले, तुळया लोखंडाने जखडल्या आणि फरसबंदी केली, असे त्याचा शिलालेख सांगतो. तो शिलालेख लॅटिनमध्ये आहे. प्रेक्षकांच्या आसनांमागील कमानींच्या दोन मजल्यांपैकी वरचा बराचसा ढासळला आहे, म्हणून बांधकामाची रीत खालच्या मजल्यावरूनच समजून घ्यावी.