लोबेक्टोमीची पहिली रात्र: आधी बॉटल, मग मॉनिटर

लोबेक्टोमी म्हणजे फुप्फुसाचा एक भाग काढण्याचं ऑपरेशन. पेशंट ओटीतून आला की नव्या मुली मॉनिटरकडे धावतात. मी आधी खाली वाकते. छातीतली हवा आणि रक्त बाहेर काढणाऱ्या नळीची पाण्याची बॉटल बघते.

आतल्या नळीचं टोक पाण्यात दोन सेंटिमीटर बुडलेलं हवं. जास्त बुडलं तर छातीतल्या हवेला बाहेर पडायला जोर लागतो. पातळीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहा, नाहीतर सकाळी ड्रेन, म्हणजे बॉटलीत जमलेला स्राव, किती आला यावर दोन शिफ्टची भांडणं.

मग कॉलम, म्हणजे नळीत चढलेलं पाणी. श्वासाबरोबर तो वरखाली व्हायला हवा. स्वतः श्वास घेणाऱ्याचा आत घेताना वर चढतो, व्हेंटवरच्याचा, म्हणजे व्हेंटिलेटरवर असलेल्याचा, उलटा. हललाच नाही तर नळी दुमडलीय का, पेशंट तिच्यावर झोपलाय का, गुठळी अडकलीय का, ते पाहा. बॉटलीला सक्शन (ओढून घेणारं मशीन) चालू असेल तर मात्र हालचाल दिसत नाही.

खोकताना चार बुडबुडे आले तर चालतं. सतत येत असतील तर आधी सगळे जोड तपासा. ते घट्ट असतील, तर हवा फुप्फुसातून गळतेय. व्हेंटवर याचा हिशेब आयता मिळतो: 400 मिली आत गेले, 320 परत आले, श्वासाच्या ट्यूबचा कफ (तिच्या टोकाजवळचा फुगा) नीट फुगलेला आहे, मग 80 बॉटलीत चाललेत.

आणि बुडबुडे येत असताना नळीला क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) लावायचा नाही. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सीटीला नेताना पाणी सांडेल म्हणून मी लावला. लिफ्टमध्येच पेशंट तडफडायला लागला, ऑक्सिजन सॅच्युरेशन 82. क्लॅम्प काढला आणि बॉटल आधणासारखी उकळली. तेव्हापासून शिफ्टिंगच्या वेळी बॉटल माझ्या हातात, छातीच्या बरीच खाली. वॉर्डबॉय मामांनी ती पेशंटच्या मांडीवर ठेवली की मी ओरडते. बॉटल फुटलीच तर नळीचं टोक सलाइनच्या बाटलीत बुडवा.

तासाला 200 मिली रक्त, तेही लागोपाठ दोन तास, म्हणजे सर्जनना उठवा. शिव्या मी खाईन. अख्खं फुप्फुस काढलं असेल तर सक्शन जोडायचं नाही, हृदय त्या बाजूला ओढलं जातं.

व्हेंटचे आकडे डॉक्टर ठरवतात, पण तुम्हाला कळायला हवेत. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाची हवा, किलोला 6 मिलीच्या आसपास, आणि ते किलो उंचीवरून काढलेले, काट्यावरचे नव्हेत. एकच फुप्फुस उरलं असेल तर त्याहून कमी. प्लॅटो प्रेशर, म्हणजे श्वास आत थांबवून मोजलेला फुप्फुसातला दाब, 30 च्या आत. दाब वाढला की टाक्यांवर ताण येतो, गळती वाढते. म्हणून ट्यूब जितक्या लवकर निघेल तितकं बरं.

ट्यूब निघाली की डोकं वर, छातीशी उशी धरून खोकला. पण त्याआधी अर्धा तास दुखण्याचं औषध. तीन बॉलचं स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं साधन) हाताशी ठेवा. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. हे पेशंटला, त्याच्या मुलाला आणि नंतर आलेल्या सुनेलाही सांगावं लागतं.