आल्प्समध्ये मातीची ओल आणि दुष्काळ यावर काम करायचंय? मग हे वाचून या

आल्प्समधल्या दुष्काळावर काम करते असं सांगितलं की आपल्याकडे लोक हसतात, बर्फाच्या डोंगरात कसला आलाय दुष्काळ. पण उत्तर इटलीत, साउथ टिरोलमध्ये फिन्शगाउ म्हणून एक दरी आहे, तिच्या तळाशी वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या माण-खटावच्या जवळपास जाणारा आकडा. उत्तरेला ओट्झटालचे डोंगर, दक्षिणेला ऑर्टलर, दोन्हीकडून ढग अडतात आणि मधली दरी कोरडी राहते. तिथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी वरच्या ओढ्यांचं आणि हिमनद्यांचं पाणी खाली आणायला पाट काढले, त्यांना वाल म्हणतात, आणि आज तिथे नजर जाईल तिथवर सफरचंदाच्या बागा आहेत.

ॲग्री इंजिनिअरिंग, सिव्हिल, भूगोल, फिजिक्स अशा सगळ्या बाजूंनी मुलं-मुली विचारत असतात की या फील्डमध्ये यायचं तर काय करावं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

बहुतेकांची तयारी कोडिंगची असते. पायथन की आर, मशीन लर्निंग लागतं का, कुठला कोर्स करू वगैरे. शिकाच, पांडाज आणि एक्सअरे या पायथनच्या लायब्ररी येत नसतील तर इथे एक दिवस निघत नाही. पण ट्रेंड, म्हणजे वर्षानुवर्षं ओल वाढतेय की घटतेय ते, काढायचा कोड असतो किती, मान-केंडॉल टेस्ट लावून ट्रेंड खरा आहे का बघितलं, सेन स्लोपने त्याचा वेग काढला, संपलं. डोकं लागतं ते हा ट्रेंड नक्की कशाचा आलाय हे ओळखायला, मातीचा, सेन्सरचा, सॅटेलाइट बदलल्याचा की बागेत कोणीतरी पाणी सोडल्याचा. माझं तर स्पष्ट मत आहे की पहिले सहा महिने एकही ट्रेंड काढू नये, नुसता कच्चा डेटा प्लॉट करून बघत बसावं.

सेन्सरपासून सुरू करा. मातीत खुपसायचे सेन्सर पाणी थेट मोजत नाहीत, ते मातीचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे विद्युत क्षेत्राला माती किती प्रतिसाद देते ते, मोजतात. पाण्याचा तो साधारण ८०, मातीतल्या खनिजांचा ३ ते ५, हवेचा १, त्यामुळे ओल वाढली की आकडा चढतो, आणि १९८० साली टॉप आणि सहकाऱ्यांनी यावरून ओलीचं प्रमाण काढायचं जे समीकरण दिलं ते अजूनही सगळीकडे वापरतात. गोम अशी की बर्फाचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट जेमतेम ३ च्या आसपास असतो. म्हणजे माती गोठली की पाणी तिथल्या तिथेच असतं पण सेन्सरच्या लेखी ती कोरडी ठाक झालेली असते. डिसेंबरात ग्राफची रेघ धपकन खाली आली तर लगेच दुष्काळ दुष्काळ करू नका, शेजारचं सॉइल टेंपरेचर बघा आणि शून्याखालचा काळ बाजूला काढा. त्यातही एक गंमत आहे, जिथे बर्फाचा जाड थर लवकर साठतो तिथे खालची माती बऱ्याचदा गोठतच नाही कारण वरचा बर्फच थंडी अडवतो, आणि ज्या हिवाळ्यात बर्फ कमी पडतो तेव्हा मातीला जास्त थंडी लागून ती खोलवर गोठते. आता आल्प्समध्ये बर्फच कमी होत चाललाय, २००० हून जास्त स्टेशनांचा १९७१ ते २०१९ चा डेटा एकत्र करून केलेल्या अभ्यासात नोव्हेंबर ते मे मधली बर्फाची सरासरी जाडी दर दशकाला ८.४ टक्क्यांनी घटलेली दिसली, मग गोठलेल्या दिवसांची संख्याही वर्षागणिक बदलणार, आणि तुम्ही ते दिवस न काढता वार्षिक सरासरीवर रेघ मारलीत तर बर्फाचा ट्रेंड ओलीच्या नावावर खपून जाईल.

फील्डवर जायची संधी मिळाली तर सोडू नका, भले तुमचं काम सगळं लॅपटॉपवरचं असो. वरचा गवताचा थर अख्खा कापून बाजूला ठेवायचा, खड्डा खणताना निघालेली माती थरानुसार वेगवेगळ्या ताडपत्रीवर ठेवायची, मग खड्ड्याच्या उभ्या भिंतीत, जिथली माती हललेली नाही तिथे, ५, २०, ५० सेंटीमीटरवर सेन्सर आडवे खुपसायचे. डोंगरातल्या मातीत दगडच दगड, सेन्सरचे दांडे निम्मे आत जातात आणि अडतात, आणि जोर लावून हलवून हलवून घातले की दांड्याभोवती फट राहते, मग पाऊस पडला की फटीत पाणी भरून ओल जास्त दिसते आणि ऊन पडलं की हवा भरून कमी दिसते. दगड लागला की सेन्सर काढून दुसरी जागा बघायची, हाच नियम. नंतर माती त्याच क्रमाने परत भरायची आणि सुरुवातीचे काही महिने डेटावर विश्वास ठेवायचा नाही, माती बसायला वेळ लागतो. केबल पाइपातून न्यायची नाहीतर उंदीर कुरतडतात, आणि भोवती कुंपण घालायचं कारण उन्हाळ्यात गायी वर चरायला येतात आणि अंग घासायला त्यांना लॉगरचा (डेटा नोंदवणाऱ्या डब्याचा) खांबच बरा वाटतो. सोबत मातीचे नमुने आणून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास वाळवून वजन करायचं, कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या ओलीशी जुळवायला, याला पर्याय नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं नवीन माणसाच्या वाट्याला येतं, येऊ द्या.

आता खरा प्रश्न, लाँग-टर्म म्हणजे किती लाँग. तापमान-पावसाच्या बाबतीत आल्प्स श्रीमंत आहे, हिस्टाल्प नावाच्या डेटासेटमध्ये तापमानाच्या नोंदी १७६० पर्यंत आणि पावसाच्या १८०० पर्यंत मागे जातात. मातीच्या ओलीचं तसं नाही. ईशान्य स्वित्झर्लंडमध्ये रीटहोल्झबाखला ईटीएच झुरिचचा लायसिमीटर (मातीने भरलेलं, वजन करून पाण्याचा हिशोब ठेवणारं मोठं भांडं) १९७६ पासून चालू आहे पण असली ठिकाणं बोटावर मोजण्याइतकी, बाकी बहुतेक नेटवर्क २००० नंतरची. स्विसस्मेक्स हे स्विस नेटवर्क २००८ चं, फिन्शगाउच्या वरच्या अंगाला माच दरीत युराक रिसर्च या साउथ टिरोलमधल्या संशोधन संस्थेची स्टेशनं आहेत तीही त्याच सुमाराची. पंधरा-वीस वर्षांच्या सिरीजमध्ये सुरुवात कुठून केली यावर उत्तर पलटतं, २००३ च्या भयंकर कोरड्या उन्हाळ्यापासून मोजायला लागलात तर माती ओली होत चाललीय असं दिसू शकतं, आणि एखाद्या चांगल्या पावसाच्या वर्षापासून सुरू करून २०२२ च्या दुष्काळी वर्षाला थांबलात तर सगळं वाळवंट होणार असं वाटेल. शिवाय ओल आजची उद्याला लागून असते, दिवसाचे आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, तशीच मान-केंडॉल चालवली तर नसलेला ट्रेंडही सिग्निफिकंट म्हणून बाहेर येतो. म्हणून ऋतू वेगळे करायचे, हे एकमेकांना लागून असणं, म्हणजे ऑटोकोरिलेशन, हाताळायचं, आणि सुरुवातीचं-शेवटचं वर्ष मागेपुढे सरकवून ट्रेंड टिकतो का ते बघायचं. प्रोफेसर लोक पहिला प्रश्न हाच टाकतात.

मग लोक म्हणतात सॅटेलाइट आहे की. युरोपियन स्पेस एजन्सीचा सीसीआय सॉइल मॉइश्चर डेटा १९७८ पासूनचा आहे, त्यात टीयू वीनचा, म्हणजे व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठाचा, मोठा वाटा, आणि जागतिक पातळीवर तो फार कामाचा आहे. पण तो वेगवेगळ्या काळातले सॅटेलाइट जोडून बनवलाय, जोडाच्या जागी आकड्यांत खोटी पायरी येऊ शकते. त्यात या सेन्सरना वरचे काही सेंटीमीटरच दिसतात, आणि पिक्सेल एवढा मोठा की एकाच चौकोनात ६०० मीटरवरची बाग, मधलं जंगल आणि ३००० मीटरचं शिखर सगळं येतं. रडारला तीव्र उतार, जंगल, बर्फ सगळ्याचाच त्रास. ईआरए५-लँड १९५० पासून आहे आणि सगळ्यांचं लाडकं आहे, पण ते मॉडेलने काढलेले आकडे आहेत, मोजलेले नाहीत, ९ किलोमीटरच्या ग्रिडला अरुंद दरी नीट दिसत नाही. आणि फिन्शगाउच्या बागांत पाणी नुसतं उन्हाळ्यात देतात असं नाही, एप्रिलमध्ये फुलं आली की थंडीच्या रात्री स्प्रिंकलर लावून कळ्यांवर मुद्दाम बर्फाचं कवच चढवतात म्हणजे फूल जळत नाही, मग बागेतला सेन्सर त्या रात्री ओल चढलेली दाखवतो आणि आभाळात ढगाचा पत्ता नसतो. अशा वेळी मॉडेल आणि सेन्सर जुळत नाहीत म्हणून मॉडेलला शिव्या घालण्यात अर्थ नाही, शेतकऱ्याला विचारून या.

दुष्काळ मोजायच्या इंडेक्सबद्दल थोडंच लिहिते, पुस्तकात सगळं आहे. एसपीआय फक्त पावसावर चालतो, १९९३ चा आहे, एसपीईआय २०१० चा आणि त्यात बाष्पीभवनाची मागणीही धरतात. तापमान वाढतंय म्हणून एसपीईआय लावला की आल्प्सभर लाल नकाशा येतो आणि तो बघायला भारी दिसतो. पण खालच्या कोरड्या दरीत बाष्पीभवन पाण्यावाचून अडतं आणि वर दीड-दोन हजार मीटरवर ते उष्णतेवाचून अडतं, पाणी असतंच. त्यामुळे वर गरम झालं की गवत आणि झाडं जास्त पाणी पितात, म्हणजे दुष्काळातही बाष्पीभवन घटायच्या ऐवजी वाढतं. २००३ मध्ये नेमकं हेच झालं, २०२० साली आलेल्या एका पेपरने दाखवलं की १३०० ते ३००० मीटरच्या पट्ट्यात याच कारणाने नद्यांच्या पाण्याची तूट ३२ टक्क्यांनी वाढली. म्हणजे वरचं कुरण हिरवंगार आणि खाली नदी आटलेली. हा पेपर शोधून वाचा, या विषयाची गोडी मला तरी त्यानेच लागली. त्यामुळे आल्प्स कोरडा होतोय का असं कोणी विचारलं की मी आधी विचारते कुठल्या उंचीवर, किती खोलीवर आणि कुठल्या महिन्यात.

शिकायला कुठे जायचं तर इन्सब्रुकला ॲटमॉस्फेरिक सायन्सेसचं मास्टर्स इंग्रजीत आहे आणि त्याच विद्यापीठाची फील्ड साइट श्टुबाई दरीत आहे जिथे कुरणावर छप्पर घालून मुद्दाम दुष्काळ पाडतात. सॅटेलाइट आवडत असेल तर टीयू वीन, हायड्रॉलॉजी आणि मॉडेलिंगला ट्रेंटो, तिथे जिओटॉप मॉडेल बनलं आणि ते फुकट आहे, घरी बसून चालवून बघता येतं. बर्फाकडे ओढा असेल तर दावोसची एसएलएफ ही बर्फ आणि हिमस्खलनावर काम करणारी संस्था. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते, जाहिरात निघते, तिला अर्ज करायचा, त्यामुळे स्कॉलरशिपच मिळाली पाहिजे असा हट्ट धरू नका. मास्टर्सच्या आधी पाण्यात पाय ओले करायचे असतील तर रुरकीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हायड्रॉलॉजी किंवा डेहराडूनची आयआयआरएस (रिमोट सेन्सिंगची संस्था) इथे इंटर्नशिपचा प्रयत्न करा, हिमालयावर काम केलेलं असलं की इथे लोक लगेच कान देतात. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीहून ॲग्री केलेल्यांनी तर उगाच न्यूनगंड बाळगू नये, वाफसा हातात माती घेऊन ओळखता येणाऱ्या माणसाची इथल्या कोडिंगवाल्या ग्रुपमध्ये फार कमतरता आहे.

भाषेचं म्हणाल तर ऑफिसात इंग्रजीवर निभतं, शेतावर नाही. साउथ टिरोलमध्ये शेतकरी टिरोलच्या बोलीत जर्मन बोलतात, क्लासमध्ये शिकलेलं जर्मन पहिले काही महिने कामाला येत नाही, तरी ग्र्यूस गॉट म्हणून सुरुवात केली की कॉफी मिळते आणि खड्डा खणायची परवानगीही.

प्रोफेसरला मेल करताना तुमच्या कामाबद्दल खूप आवड आहे असलं काही लिहू नका, त्यांना दिवसाला असे ढीगभर येतात. इंटरनॅशनल सॉइल मॉइश्चर नेटवर्कवर रजिस्टर करा, फुकट आहे, आल्प्समधलं एखादं स्टेशन निवडा, तिथली ओल, सॉइल टेंपरेचर आणि पाऊस एकाखाली एक प्लॉट करा, गोठलेला काळ राखाडी करा आणि तुम्हाला न समजलेली एक जागा बाण काढून दाखवा. मेल चार ओळींचा आणि सोबत हा एक प्लॉट. मी आता नवीन मुलांचे मेल वाचते तेव्हा आधी अटॅचमेंट उघडते, सीव्ही नंतर.