मूल खूप त्रास देतंय, निदान करून घ्यायचंय, तर सुरुवात कुठून करायची?

शाळेच्या डायरीत रोज शेरा, सोसायटीतली पोरं खेळायला घेत नाहीत, घरी वस्तू फेकणं चावणं चाललंय आणि नातेवाईक म्हणतायत दोन फटके द्या सुधारेल. अशा वेळी डॉक्टरला दाखवायचं हे ठरतं, पण कुठल्या डॉक्टरला आणि जाऊन सांगायचं काय, इथे बहुतेक आईबाप अडकतात. मी डॉक्टर नाही हां, या चक्रातून गेलेली आई आहे.

आधी एक वही करा. "खूप हट्टी आहे हो" एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही. राग यायच्या आधी काय चाललं होतं, मग त्याने नक्की काय केलं, किती वेळ चाललं आणि तुम्ही त्यावर काय केलंत, एवढं त्याच दिवशी लिहायचं, दोनेक आठवडे. मग दिसायला लागतं की हे फक्त होमवर्कला बसवलं की होतंय, की मिक्सरच्या आवाजाला, की झोप कमी झालेल्या दिवशी. दोनतीन व्हिडिओ पण काढून ठेवा, कारण क्लिनिकमध्ये गेलं की ही पोरं अशी गुणी होऊन बसतात की आपणच खोटे वाटतो.

शाळेकडून लेखी घ्या. एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अतिचंचलपणा असतो ती अवस्था) म्हणायचं तर लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, सहा महिने तरी टिकावी लागतात आणि वयाच्या १२ वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात. म्हणजे नुसतं घरचं सांगून चालत नाही. म्हणून डॉक्टर शिक्षकांसाठी वेगळा फॉर्म देतात. तो क्लासटीचरकडून भरून घ्या, मुख्याध्यापकांकडून नको, त्यांना मूल फक्त तक्रार आली की दिसतं. उलट शाळेत शहाणा आणि घरी आला की स्फोट, असं असेल तर तेही सांगाच, त्यातूनही डॉक्टरला बरंच कळतं.

पहिली फेरी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाकडे. कान आणि डोळे तपासून घ्या, "त्याला ऐकू येतं हो, चॉकलेटचा कागद वाजला की धावत येतो" हे चालणार नाही, कारण कानात पाणी साचून थोडं कमी ऐकू येणारं मूल पण "ऐकतच नाही" म्हणून ओरडा खात असतं. रात्री घोरतो का, हिमोग्लोबिन कमी आहे का, मधेच काही सेकंद शून्यात बघत राहतो का (ही फिटही असू शकते), हे सगळं विचारा. आणि सासूबाई म्हणतात ना "याचा बाप पण लहानपणी असाच होता", ते हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरला सांगा. एडीएचडी आणि ऑटिझम (स्वमग्नता) दोन्हीत आनुवंशिकतेचा मोठा भाग असतो.

पुढे डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर) किंवा मुलांचे सायकियाट्रिस्ट. मुंबई-पुण्यात मिळतात, नंबर लागायला वेळ लागतो. बाकी ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात जा, किंवा जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठे आहे ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येते, तीच तिकडे पाठवते आणि ते मोफत असतं. टेस्ट करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) रजिस्ट्रेशन नंबर खुशाल विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही.

जाताना डिलिव्हरीचे पेपर, लसीकरणाचं कार्ड आणि शाळेच्या वह्या न्या, वह्या तर नक्कीच. मुलाला "सुई नाही टोचणार" असं वचन देऊ नका, टोचली तर पुढच्या वेळी दारातच लोळण घेईल. आणि त्याच्यासमोर त्याच्या तक्रारींचा पाढा नको, आधीच कागदावर लिहून द्या किंवा एकाने त्याला बाहेर खेळवायचं.

एडीएचडी किंवा ऑटिझम रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. निरीक्षण, प्रश्न आणि चाचण्या यातूनच निदान होतं, त्याला बहुतेकदा एकाहून जास्त सिटिंग लागतात, त्यामुळे दहा मिनिटांत गोळी लिहून दिली तर दुसरं मत घ्या. बोटांच्या ठशांवरून मेंदू सांगणारे आणि ऑटिझम स्टेम सेलने बरा करतो म्हणणारे, दोघांना लांबूनच नमस्कार. वयाचंही बघा, ऑटिझम दोन वर्षांच्या आसपासही ओळखता येतो, पण लर्निंग डिसॅबिलिटीचा (वाचन, लेखन, गणित शिकताना येणाऱ्या अडचणीचा) पक्का रिपोर्ट साधारण आठव्या वर्षाच्या आधी देत नाहीत.

रिपोर्ट हातात आला की लगेच उठू नका. आता घरी काय बदलायचं, थेरपी कुठली, परत कधी यायचं, हे तिथेच विचारून लिहून घ्या. सहा वर्षांच्या आतलं मूल असेल आणि एडीएचडी निघाला तर साधारणपणे आधी पालकांचं ट्रेनिंग, औषध नंतर. सवलतींसाठी खासगी रिपोर्ट सहसा पुरत नाही, सरकारी प्रमाणपत्र लागतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटी आहेत, एडीएचडीचं वेगळं नाव नाहीये, हे माहीत नसलं की लोक उगाच हेलपाटे मारत बसतात. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो.

नंबर लागेपर्यंत कोणाशी तरी बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे आणि मराठीत बोलतात. पण मूल आधी येत असलेले शब्द विसरायला लागलं, फिट आली, स्वतःला इजा करायला लागलं किंवा मरायचं बोलायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.