बाटलीत तयार झालेला गॅस की सिलेंडरचा? आल्याच्या सोड्यावर चव तपासायची पद्धत

घरी बिअर बनवणाऱ्यांच्यात एक वाद कायम चालू असतो, बाटलीत थोडी साखर घालून यीस्टकडूनच गॅस करून घेतलेली बिअर भारी की केगमध्ये, म्हणजे बिअरच्या धातूच्या पिंपात, सिलेंडरने गॅस भरलेली. महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, त्यामुळे मी ही तुलना यीस्टनेच आंबवलेल्या आल्याच्या सोड्यावर करतो, आणि त्यात फरक उलट जास्त ठळक कळतो. बिअरमधली साखर आधीच संपलेली असते, बाटलीत लिटरला ६-७ ग्रॅम घालतात तेवढीच यीस्ट खातं. आपल्या सोड्यात गोडी भरपूर शिल्लक असते आणि ती बाटलीत रोज कमी होत जाते. "बाटलीतला वेगळा लागतो" म्हणतात त्यातलं बरंचसं हेच आहे, गॅसचा त्यात काही हात नाही.

आधी विरजण, यातच सोड्यासाठी यीस्ट वाढतं. आलं सालीसकट किसून एका बरणीत पाणी आणि साखरेत टाका, रोज एकेक चमचा आलं-साखर वाढवा, सोलापूरच्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत बुडबुडे येतात. पाणी उकळून पूर्ण गार केलेलंच घ्या, क्लोरीनने यीस्ट मंदावतं. मग २ लिटर पाण्यात १०० ग्रॅम आलं आणि १५० ग्रॅम साखर उकळा, गार झाल्यावर गाळा, दोन लिंबं पिळा, अर्धी वाटी विरजणाचं पाणी घाला.

आता मेन गोष्ट. हे एकसारख्या दोन कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटल्यांत भरा, एकीचं झाकण घट्ट, दुसरीचं सैल, आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा म्हणजे साखर दोन्हीकडे जवळपास सारखीच खाल्ली जाईल, फक्त एकीत गॅस अडकेल आणि दुसरीतला निघून जाईल. काचेची बाटली अजिबात नको, फुटते. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना एका दिवसातच बाटली दाबून दगडासारखी लागू शकते, सकाळ-संध्याकाळ दाबून बघाच. कडक झाली की दोन्ही फ्रीजमध्ये, किमान एक पूर्ण दिवस, कारण थंड पाण्यातच गॅस नीट मुरतो, घाई केली तर फेसाबरोबर सगळा उडून जातो.

सैल झाकणवालीत गॅस भरायला ओळखीचा सोडावाला गाठा, सिलेंडर फूड ग्रेडचाच पाहिजे. बाटली दाबून वरची हवा काढून टाका मग गॅस सोडा, कारण हवेतल्या ऑक्सिजनने आल्या-लिंबाचा ताजा वास मरतो. बंद बाटलीत तो ऑक्सिजन यीस्टच खाऊन टाकतं, बिअरवाले बाटलीची बाजू घेतात त्याचं हे एक खरं कारण आहे.

चाखताना स्टीलचे तीन पेले घ्या, गढूळपणा दिसायला नको, दोनमध्ये एकच सोडा आणि तिसऱ्यात दुसरा, आणि घरच्यांना वेगळा कुठला ते ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजाने पण तिघांतला एक बरोबर सांगतो, म्हणून पेले बदलून परत परत करा. दोन्ही सारखेच गार, ओतताना तळाचा गाळ हलू द्यायचा नाही. आणि जेवायच्या आधी करा, शेंगाची चटणी खाल्ल्यावर जीभ कामाची राहत नाही.

असं केलं की फरक बराच आटतो. कार्बन डायऑक्साईड शेवटी तोच, बुडबुडे बारीक-मोठे वाटतात ते बहुतेक गॅस कमी-जास्त असल्यामुळे. मला उरतो तो वासातला फरक, बंद बाटलीतला जास्त ताजा. मग गाळ मुद्दाम हलवून एक पेला घ्या, पावासारखा वास येतो ना, ते यीस्ट, ते ज्याला आवडतं त्याला बाटलीच आवडणार.

सिलेंडरचा खरा फायदा वेगळाच आहे, सोडा तुम्हाला पाहिजे तेवढा गोड असतानाच फ्रीजमध्ये टाकून थांबवता येतो आणि गॅस नंतर भरता येतो. कडक भाकरी आणि चटणीसोबत मी तोच घेतो. दोन्हींत थोडा अल्कोहोल होतोच, त्यामुळे लहान मुलांना देऊ नका.