मोबाईलच्या व्हिडिओची डीव्हीडी झटके मारत असेल तर काय करायचं

लग्नाचे, बारशाचे मोबाईलवर काढलेले व्हिडिओ आजी-आजोबांना टीव्हीवर बघता यावेत म्हणून डीव्हीडी बनवायची आणि प्लेयरला लावली की वरात हिसके देत चालते, हा प्रॉब्लेम खूप जणांना येतो. मग पहिला उपाय म्हणून बिटरेट (व्हिडिओला सेकंदाला किती डेटा द्यायचा तो आकडा) वाढवला जातो, पण त्याने बहुतेक वेळा काहीच फरक पडत नाही, कारण दोष बिटरेटचा नसतोच.

आधी झटका कुठे तयार होतोय ते शोधा. डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बर्न न करता नुसता फोल्डर बनवायचा ऑप्शन आहे, तो घ्या आणि तयार झालेला फोल्डर कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेयरमध्ये चालवून बघा, डीइंटरलेस (फ्रेमचे दोन अर्धे भाग जोडून अख्खं चित्र दाखवायचा ऑप्शन) चालू ठेवून. तिथेच झटके दिसले तर गडबड कन्व्हर्ट करताना झालीय, आणि तिथे मस्त चालतंय पण प्लेयरवर अडकतंय तर गडबड डिस्कची, बर्निंगची नाहीतर बिटरेटची. एवढं केलंत तरी अर्धं काम झालं.

कन्व्हर्टमधलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची तो आकडा. आपल्याकडे टीव्हीची पाल सिस्टिम, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये सगळे डोळे झाकून पाल निवडतात. पालची डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमची, ७२० बाय ५७६. मोबाईल शूट करतो साधारण ३० ने. मग ३० चे २५ करताना सॉफ्टवेअर दर सहावी फ्रेम सरळ उडवतं, म्हणजे कॅमेरा मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे फिरवला असेल तर पाच पावलं नीट आणि मग एक उडी, अशा सेकंदाला पाच उड्या. माणसं बसून बोलतायत त्या शॉटमध्ये हे कळत पण नाही, नाचात आणि वरातीत लगेच कळतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, मोबाईलचं शूटिंग असेल तर एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही सिस्टिमची, डीव्हीडी बनवा. ती २९.९७ फ्रेमची, ७२० बाय ४८०. ओळी थोड्या कमी मिळतात पण हालचाल गुळगुळीत राहते, आणि आपल्याकडचे बहुतेक प्लेयर आणि टीव्ही एनटीएससी आरामात चालवतात. अमेरिकेतल्या नातेवाईकांना पाठवायची असेल तर एनटीएससीच हवी, तिकडचे बरेच प्लेयर पाल घेतच नाहीत. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचं शूटिंग २५ किंवा ५० चं असेल तर मात्र पालच ठेवा. दोन्ही एका डिस्कवर मिसळता येत नाहीत, त्यामुळे हालचालीचे शॉट ज्यात जास्त असतील त्याच्याप्रमाणे ठरवा.

दुसरी भानगड अशी की मोबाईलचा फ्रेम रेट स्थिर नसतो, उजेड कमी झाला की बरेच फोन तो आपोआप खाली आणतात. फाइल मीडियाइन्फोमध्ये (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, फ्रेम रेट मोडसमोर व्हेरिएबल, म्हणजे बदलता, लिहिलेलं असेल तर ती थेट डीव्हीडीला देऊ नका. आधी हँडब्रेक या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेम रेट २९.९७ आणि खाली कॉन्स्टंट निवडा, क्वालिटीचा आकडा (आरएफ) १८ च्या आसपास ठेवा, आणि जी फाइल मिळेल ती डीव्हीडीस्टायलरला द्या. वेळ जातो, पण आवाज मागेपुढे व्हायचा त्रासही बऱ्याचदा यानेच जातो.

जुन्या हँडीकॅमच्या मिनी डीव्ही टेप असतील तर कारण वेगळं. तिथे एक फ्रेम दोन अर्ध्या भागांत (त्यांना फील्ड म्हणतात) असते, एकदा सम ओळी आणि एकदा विषम, आणि कुठला भाग आधी दाखवायचा हे उलटं सेट झालं की चालणारा माणूस पुढे-मागे थरथरत चालल्यासारखा दिसतो. डीव्हीच्या टेपमध्ये खालची फील्ड आधी असते, एचडी कॅमेऱ्यात बहुधा वरची. मीडियाइन्फोमध्ये स्कॅन ऑर्डर बघा आणि कन्व्हर्ट करताना तीच ठेवा. टीव्हीवरच बघायचंय तर उगाच डीइंटरलेस करून फाइल बनवू नका, निम्मी हालचाल तिथेच जाते.

आता फोल्डर चांगला आणि डिस्क वाईट असेल तर. डीव्हीडीच्या नियमात व्हिडिओचा बिटरेट जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), पण जुने प्लेयर घरी बर्न केलेली डिस्क वाचताना एवढ्यावर दमतात, म्हणून जास्तीत जास्त ८ ठेवा. ४.७ जीबीच्या डिस्कवर एक तास तेवढ्यात छान बसतो, दोन तास घालायचे तर आवाज धरून ५ च्या आसपास यावं लागतं. बर्न करताना स्पीड मॅक्सवर सोडू नका, १६ एक्सची डिस्क असली तरी ४ किंवा ८ एक्सवर जाळा, आणि इमगबर्न या बर्न करायच्या सॉफ्टवेअरमधला व्हेरिफाय (डिस्क नीट लिहिली गेली का ते तपासणं) चालू ठेवा. एवढं करूनही दरवेळी त्याच मिनिटाला अडकत असेल तर दुसऱ्या कंपनीची डिस्क घेऊन बघा, आणि पूर्ण प्रोजेक्ट जाळायच्या आधी वरातीची पाच मिनिटं आरडब्ल्यू (पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या) डिस्कवर टाकून ज्या प्लेयरवर बघणार त्याच्यावरच चालवून बघा.