पोरगं घरात सारखं चिडचिड करतंय? आधी या चुका टाळा

ठाण्याला घोडबंदर रोडवर, कासारवडवलीत माझं पाळणाघर आहे, १४ वर्षं झाली. संध्याकाळी आईबाप न्यायला येतात आणि दारातच विचारतात, "ताई, हिला आज काय झालं, एवढी का चिडलीय?" अहो, आत्ता पाच मिनिटांपूर्वी भातुकली खेळत होती, तुमचा चेहरा बघितला आणि बिनसलं. तोंडावर म्हणता येत नाही म्हणून लिहितेय.

सगळ्यात डोक्यात जाणारं वाक्य म्हणजे "आम्ही पोरासमोर भांडतच नाही." कारण ही चूक मी स्वतः केलीय. २०१६ला घराच्या हप्त्यावरून माझं नि ह्यांचं वाजलं. आवाज एकाचाही चढला नाही, नुसता अबोला, तोही तीन आठवडे. मुलगा सहा वर्षांचा. "बाबांना सांग पान वाढलंय", "आईला सांग भूक नाही", बिचारा हॉल ते किचन निरोप पोचवत फिरायचा. मग रोज सकाळी शाळेचे बूट घालताना त्याच्या पोटात दुखायला लागलं. हिंग लावून झाला, ओवा झाला, जंताचं औषध झालं, सोनोग्राफी पण केली, सगळं नॉर्मल. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, घरी काय चाललंय? आम्ही दोघं एकदम म्हणालो, "काही नाही." तीन आठवड्यांत आमचं एकमत झालं ते तेवढंच. पोरगं बुटाचं वेल्क्रो उघडबंद करत म्हणालं, "हे दोघं बोलतच नाहीत."

आणि दुखणं नाटक नव्हतं हं, टेन्शनने मुलांचं पोट खरंच दुखतं. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक प्रयोग केला होता, आईने बाळासमोर बसून दोनेक मिनिटं फक्त चेहरा कोरा ठेवायचा. बाळं हसून, हात पुढे करून तिला बोलवायचा प्रयत्न करायची, मग कावरीबावरी होऊन तोंड फिरवायची, रडायची. दोन मिनिटांत! आम्ही तीन आठवडे कोरा चेहरा ठेवला होता.

आता आमच्याकडे नियम आहे, खटका पोरासमोर उडाला तर मिटवायचंही त्याच्यासमोर. बेडरूममध्ये जाऊन गुपचूप सॉरी म्हटलं तर पोराच्या लेखी भांडण चालूच. ज्याचं चुकलं त्याने दोघांचा चहा टाकायचा, बहुतेक वेळा मीच टाकते, असो.

दुसरी चूक, गायमुखच्या ट्रॅफिकचा राग घरात नेणं. चप्पल काढता काढता "डबा संपवला? होमवर्क झाला? तोंड का पाडलंयस?" पोलीस चौकशी बरी. मी बाहेरून आले की पाच मिनिटं पार्किंगमध्येच बसते, फोन न बघता, मग वर जाते. पोराला लगेच प्रश्न विचारायचे नाहीत, शेजारी बसवून मटार सोलायला द्यायचे, आपोआप बोलतं.

रडलं की मोबाईल हातात देणं, यावर बोलून बोलून थकले.

"तू रडलास की आईला त्रास होतो" हे तर बोलूच नका, तुमचा मूड सांभाळायची नोकरी त्याची नाही.

आणि उलटी चूकही बघते, प्रत्येक किरकिरीला आपलंच पाप समजणं. आधी झोप आणि भूक बघा की. ६ ते १२ वर्षांच्या पोरांना रात्री ९ ते १२ तास झोप लागते, इथे साडेअकराला जेवणं चालतात आणि सहाला स्कूल बस.

फ्रीजवर भावनांचे रंगीत चार्ट लावणारे पण भेटतात. चौथ्या दिवशी मेसेज, "ताई, काही फरक नाही." पोराला सवय लागायला वर्षं गेली आणि ह्यांना रविवारपर्यंत रिझल्ट पाहिजे. आमच्या मुलाचं पोट दुखायचं थांबायला दीडेक महिना गेला, तोही आम्ही रोज बोलत होतो तेव्हा.

मात्र दोनेक आठवडे झोप, खाणं, शाळा सगळंच बिघडलं असेल तर माझ्यासारखा हिंग लावत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही फुकट आहे. घरात हात उचलला जात असेल तर चहाबिहाचा विषयच नाही, मुलांसाठी १०९८ आहे, तिथे फोन लावा.